इस्त्रीखालचं पान

तीर्थरूप आईस, तुझ्या इस्त्रीवाल्या लेकाचा वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. हे आधीच लिहितो, कारण पत्राची शेवटची ओळ आधी वाचायची तुझी खोड मला माहीत आहे.

तू ओल्या फडक्यात बांधून दिलेली पानओव्याची फांदी दुकानाच्या खिडकीत चांगली फोफावली. गेल्या आठवड्यात मालकांना खोकल्याची ढास लागली. पान तव्यावर शेकून रस काढायचा, हे माझ्या लक्षात होतं, पण लाँड्रीत तवा कुठला? मी पानावर फडकं टाकून वरून इस्त्री फिरवली. खाली वकीलसाहेबांचा पांढरा शर्ट होता, हे नंतर कळलं. खिशावर अख्खं पान उमटलं, शिरांसकट.

मालक ओरडायला तोंड उघडायचे आणि खोकला यायचा. त्यांचे हाल मला बघवेनात. शेवटी मीच पानं चोळून, रसात मध घालून दोन वेळा पाजला. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला एका दमात, मध्ये कुठेही न थांबता झापलं. तुझं औषध गुणाचं आहे, हे तेव्हा पटलं.

शर्ट चारदा धुतला, डाग हलत नाही. वकीलसाहेब शनिवारी येणार आहेत. तू काळजी करू नकोस, ती मी करतो आहे.

बाबांचा गुडघा कसा आहे? जिना चढू देऊ नकोस.

झाडाला आता एकही पान उरलं नाही, तेव्हा एक मोठी फांदी लगेच पाठव. मालकांचा खोकला पूर्ण गेला. कुठे गेला, ते विचारू नकोस.

तुझा धाकटा