हार्डडिस्कची खंडेनवमी

रहिमतपूर,
दसऱ्याचा दुसरा दिवस, १९९९

चि. वीरधवल यास दाजीचे आशीर्वाद. सांगलीची हवा मानवली असेलच. पोट सुटलंय असं तुझी आक्का म्हणते, म्हणजे मानवली. आम्ही इकडे खुशाल. (काल दुपारी नव्हतो.)

मे महिन्यात तू ऑफिसनं मोडीत काढलेल्या तीन हार्डडिस्क एका डब्यात बसवून आमच्या माजघरात ठेवल्यास आणि सांगितलंस की पहिल्या दोघी माल सांभाळतात, तिसरी राखण करते. एखादी मेली तर उरलेल्या दोघी तिचं सगळं परत उभं करतात. (भाऊबंदांत असं झालेलं मी पाहिलेलं नाही.) त्या भरवशावर तुझ्या आईची कॅसेट आपण त्यात उतरवली. वर्षाच्या चटणीचं प्रमाण सांगतानाचा तासभर आवाज. वीस मिनिटं मिरची-खोबरं, चाळीस मिनिटं मी. म्हातारी गेल्यापासून तुझी आक्का ते लावल्याशिवाय फोडणी टाकत नाही, त्यामुळं माझी निंदा घरात दोन्ही वेळा ताजी होते.

परवा खंडेनवमीला विळा, कोयता, पंपाचे पाने पाटावर मांडले, तर तुझी आक्का म्हणाली, "आवं, हे एवढं राबतंय, त्याला न्हाई व्हय पुजायचं?" डबा पाटावर मावेना. मग मी शहाण्यानं तिन्ही डिस्क काढून तिच्या डाव्या हातापासून ओळीनं मांडल्या. पूजा तिनं केली. काल उचलल्या मी, पाटाच्या पलीकडं बसून, माझ्या डाव्या हातापासून. बावीस वर्षं फौजेत डावं-उजवं केलेल्या माणसानं मालाला राखणीवर आणि राखणीला मालाच्या जागी बसवलं.

चालू केल्यावर यंत्र पडद्यावर म्हणालं, तिसरी डिस्क ओळखीची नाही, पुसून नव्यानं भरू का? फौजेत ‘नाही’ म्हणायची सवय लागत नाही. बोट ‘होय’वर टेकणार, तेवढ्यात चुलीपाशून हाक आली, "आईचा आवाज का वो येईना?" बोट तिथंच थिजलं. दाबलं असतं तर म्हातारी दुसऱ्यांदा गेली असती, आणि या खेपेला डॉक्टरला नावं ठेवायची सोय नव्हती.

बंद करून तिन्ही बाहेर काढल्या. दिसायला अगदी सारख्या. उजेडात धरल्या तेव्हा कळलं: एकीवर हळद, कुंकू आणि चिकटलेल्या अक्षता, दुसरीवर नुसतं हळद-कुंकू, तिसरीला, करंडा सरत आल्यानं, हळदीचं एक बोट. तुझ्या आक्कानं मानाप्रमाणं नंबर घालून ठेवले होते! तशा बसवल्या, आणि दहा मिनिटांत सासूबाई कडाडल्या की जावयाला साधा लसूण सोलता येत नाही. डोळ्यांत पाणी आलं गड्या. (फोडणीचा ठसका, दुसरं काय.)

तुझा दाजी,
लालासाहेब

ता. क. : खरं काम राहिलंच. डिस्कवर उतरवलंय म्हटल्यावर मूळ कॅसेटवर मी जत्रेतल्या कुस्त्यांचं समालोचन भरून बसलोय. तुझ्याकडं दुसरी प्रत असली तर पोस्टानं धाड. आक्काला पत्ता लागू देऊ नकोस.

ता. क. (आक्काकडून) : वीरधवल, पाकिटाला डिंक लावायला ह्यांनी माझ्याकडंच दिलं. आईची कॅसेट मी मे महिन्यातच गव्हाच्या डब्यात ठेवलीय. तिच्या खोक्यात कोरी घातली होती. ह्यांना एवढ्यात सांगू नको. कालपासून लसूण हेच सोलत्यात.