पूजेला बसलेला सर्व्हर

तंजावर,
५ ऑक्टोबर २०२५

चिरंजीव मुरलीस,

अक्काचे आशीर्वाद. इथे आम्ही दोघं बरे आहोत. गुवाहाटीचा पाऊस ओसरला असेल. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. आप्पांनी मारूनमुटकून देवनागरी शिकवली ती आपल्या दोघांनाच. हे पत्र घरात दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाही, तेव्हा मोकळेपणी लिहिते.

आधी यंत्राबद्दल. आईच्या आवाजाच्या कॅसेटी आणि फोनमधली रेकॉर्डिंग्ज ठेवायला मी घरीच सर्व्हर बसवला, हे तुला कळवलं होतंच. पॉलिटेक्निकात जन्मभर कॉम्प्युटर शिकवला, तरी निवडताना घाम फुटला. तळहाताएवढ्या बोर्डाचा कॉम्प्युटर स्वस्त होता, पण आईला मेमरी कार्डाच्या भरवशावर ठेवायला धीर होईना. माळ्यावरचा जुना डेस्कटॉप गिरणीसारखा घरघरतो. शेवटी पानाच्या डब्याएवढा एक जुना मिनी पीसी घेतला. त्यात लिनक्स, वर गाणी ऐकवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर, आणि वीज जाते म्हणून यूपीएस. डिस्क दोन आहेत, पण एकीवरचं पुसलं की दुसरीवरचंही पुसतं. म्हणून आणखी एक प्रत पापनाशमला माझ्या मैत्रिणीच्या, वत्सलाच्या, कपाटात ठेवली.

तुझे भावोजी म्हणाले, "एवढा खटाटोप कशाला? क्लाउडवर ठेव की." मी म्हटलं, आईला भाड्याच्या घरात ठेवायचं नाही.

प्रत्येकाच्या नावाचं खातं उघडलं, तुझंही. पासवर्ड पाठवला. त्यावर तुझं उत्तर नाही. जानेवारीपासून तुझं कशालाच उत्तर नाही.

आई गेली त्या दिवशी धुक्यानं तुझं विमान रद्द झालं आणि तू पोचलास तेव्हा सगळं आटोपलं होतं. रंगरावकाका चारचौघांत बोलले, मुलगा असून जावयाला अग्नी द्यावा लागला म्हणून. त्यांच्या जिभेला हाड नाही. मी त्यांना तिथल्या तिथे फैलावर घेतलं, पण तोवर तू बॅग उचलून निघाला होतास.

आता बुधवारचं सांगते. सरस्वतीपूजा होती. पुस्तकं, वीणा, शिवणयंत्र, सगळं देवीपुढे मांडायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, ही आपल्या घरची रीत. भावोजींनी सर्व्हरलाही चंदन-कुंकू लावलं. मी तो रीतसर बंद करून पूजेत ठेवला. संध्याकाळी आलेल्या बायकांना प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल वाटत होते, तेवढ्यात फोनवर तुझा निरोप.

"अक्का, सर्व्हर बंद का?"

इतक्या महिन्यांतले तुझे पहिले शब्द. हातातली वाटी मी बाजूला ठेवली. म्हणजे तू ऐकतोस. मी "पूजेत आहे, उद्या लावते" एवढंच लिहिलं. आणखी लिहिलं असतं तर बायकांपुढे रडले असते.

भावोजी म्हणाले, "वासुकी, आत्ताच चालू कर. देवी काही रागवायची नाही." मी नाही केला. आईनंही करू दिला नसता. विजयादशमीला पूजा उतरवल्यावर पहिलं काम तेच केलं.

तू काय ऐकतोस ते मला सर्व्हरवर दिसू शकतं. मी पाहिलेलं नाही, पाहणारही नाही.

पण एक गोष्ट त्यात नाही. ती निरोपात लिहिण्यासारखी नव्हती आणि ऐकायला तू थांबला नाहीस. तू विमानतळावर अडकलास हे आईला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "घाई करून येऊं नको म्हण त्याला. मी कुठें जातें." नंतर म्हणाली, "मी गेलें तर पोराला कुणी बोलूं नका." मुरली, तिनं तुझी वाट पाहिली, पण तुझ्यावर रागावून नाही.

पौषात वर्षश्राद्ध आहे. ते तुझ्या हातून व्हावं अशी भावोजींचीही इच्छा आहे. काका येतील, जेवतील. बोललेच तर मी आहे.

आईचा आवाज तुला तिकडेही मिळेल रे. पण ती गेली म्हणून आपण दोघं अजून एकदाही जवळ बसून रडलो नाही. ते माझ्याच्यानं एकटीनं होत नाही. ये.

तुझी,
आईमागे उरलेली अक्का