विंडोज शेवटच्या ओळीत आहे

अण्णा,

कॉम्प्युटर चालू केलात की काळ्या पडद्यावर यादी येईल. बाणाचं बटण दाबत शेवटच्या ओळीवर जा आणि एंटर मारा, तुमचं विंडोज उघडेल. घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. मी टाकलेल्या लिनक्स या दुसऱ्या सिस्टीममुळे तसं होतं, घाबरू नका.

सकाळी मी लिनक्स टाकलं, तर यादीत विंडोज येईचना. तुमच्या फायली गेल्या की काय या धास्तीने लिनक्समधूनच तुमचा ड्राइव्ह उघडला. तिकडून पासवर्ड लागत नाही, हे मला माहीत नव्हतं. सगळं शाबूत होतं, विंडोजही मग यादीत आणलं. त्यातच माझा बायोडाटा सापडला. खाली तुम्ही लिहिलंय, 'मुलगी लग्नानंतर नोकरी सोडण्यास तयार.'

सातपूरच्या कंपनीत मी लागले, तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, "रेवती, ही नोकरी कोणासाठी सोडू नकोस." गल्लीभर पेढे वाटलेत.

ती ओळ मी खोडलेली नाही. आज मैत्रिणीकडे, पूजाकडे राहतेय. वरण-भात कुकरमध्ये आहे. रविवारी देवळ्याची मंडळी मला बघायला यायच्या आधी तुम्हीच त्यांना फोन करा, आणि सांगा की मुलीला विचारलंच नव्हतं.

रेवती