तळाची कांडी

२ जून
आलो एकदाचे! क्वार्टर दोन खोल्यांचं, पण खिडक्या ऐसपैस. हीटर इतका फुरफुरतो की ठमीनं पहिल्याच तासात त्याच्याशी भांडण काढलं. वय वर्षं सहा, तोंड मात्र साठीचं! तिचे बाबा हिमनदीवर ड्रिलिंगच्या तुकडीत आहेत, ऑगस्टअखेरीस उतरतील. त्यांनी तिथून बर्फ पाठवायचा आणि मी इथल्या प्रयोगशाळेत तो कापायचा. असा कुठं संसार असतो का, असं आई फोनवर विचारत होती. म्हटलं, असतो, जरा गार असतो एवढंच.

५ जून
कापणी थंड खोलीत चालते. उणे छत्तीस. वीस मिनिटं आत, मग बाहेर येऊन चहा, असा नेम. पेन चालत नाही, सगळं पेन्सिलीनं लिहायचं. बर्फ हातभर लांब गोल कांड्यांत येतो. वरच्या कांड्या अलीकडच्या, तळाच्या लाखो वर्षांपूर्वीच्या. प्रत्येकीवर बाण असतो आणि त्याचं टोक वरच्या बाजूला. कांडी उलटी ठेवली की सगळा इतिहासच उलटा. कोठी सांभाळणाऱ्या काकांनी हे मला तीनदा ऐकवलं. अंगानं अस्वलाएवढे आहेत आणि मी अगदीच दूधखुळी आहे अशी त्यांची खात्री दिसते.

१२ जून
इथली एक गंमत. कापून उरलेले तुकडे पेल्यातल्या पाण्यात टाकतात. आत कोंडलेली जुनी हवा तडतडत फुटते, सगळे कान लावून ऐकतात आणि मग ते पाणी पितात. फक्त खडकाला टेकलेल्या शेवटच्या वीतभर बर्फाला कुणी तोंड लावत नाही. तो काका उकळत्या पाण्यात टाकतात आणि मोरीत ओततात. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, आधीचे लोकही असंच करायचे. शिकलेल्यांच्या समजुती जास्त चिवट असतात हेच खरं. ठमीला हे सांगितल्यापासून तिनं भुणभुण लावली आहे, बाबांचा बर्फ मला पण हवा.

२३ जून
आज शेवटची कांडी कापली. तळाचा भाग काकांच्या डब्यात टाकला आणि वरच्या टोकाचा एक तुकडा थर्मासात घालून गुपचूप घरी आणला. नियम मोडला, पण लेकीसाठी एवढं चालतं. ठमी पेल्याला कान लावून बसली होती. गुदगुल्या होतात म्हणाली आणि गटागटा प्यायली. मला एक घोटही ठेवला नाही लबाडीनं.

२४ जून
कांडीवरच्या बाणाचं टोक माझ्या उजवीकडे हवं होतं. ते डावीकडे होतं. कापण्याआधी काल काढलेल्या फोटोत स्पष्ट दिसतंय. काकांच्या डब्यात वरचं टोक गेलं. म्हणजे घरी नेलं ते—
ठमी मजेत आहे. उगाच मनात नाही नाही ते येतं.

२७ जून
ठमीचे हात बर्फासारखे. तिला मात्र थंडी वाजत नाही. खिडकी उघडून बसते. हीटर बंद कर म्हणून रडली.

२९ जून
डॉक्टरांनी तीन थर्मामीटर बदलले. तिन्हींत एकच आकडा, एकोणीस. मूल हसतंय, बोलतंय आणि अंगात सदतीसऐवजी एकोणीस! त्यांनी मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी दिली. आठवड्याचं विमान तीन तारखेला. मला फार भीती वाटते आहे. घरी कुणालाच सांगितलेलं नाही. काय सांगू? मीच पाजलं म्हणून?

१ जुलै
ऊब यावी म्हणून कोमट पाण्यात बसवलं. बाहेर काढलं तर डाव्या हाताची करंगळी झिजून आगकाडीएवढी बारीक झाली होती. रक्त नाही. टबातलं पाणी गारठून गेलं होतं.
मी काय केलं हे.

२ जुलै
काकांना सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील. चिडले नाहीत. खाली बघत म्हणाले की विमानात ती टिकायची नाही. मग थंड खोलीचं दार उघडून बाजूला झाले.
आत गेल्याबरोबर ठमी तरतरीत झाली. कांड्या ठेवलेल्या फळ्यांमधून धावली. माझ्या तोंडातून वाफ येत होती. तिच्या तोंडातून नाही. बराच वेळ बघत राहिले. श्वासच नाही—

३ जुलै
विमान गेलं. ठमी थंड खोलीतच. मी वीस मिनिटं आत, वीस बाहेर. दिवसभर. मी बाहेर निघाले की ती दाराशी उभी राहते. एकटीला भीती वाटते म्हणते.
बाबांचा सॅटेलाइट फोन आला. ठमी कुठंय? खेळतेय म्हटलं. खोटं तरी कुठं होतं?

४ जुलै
जवळ घेतलं. सवयीनं, भान न राहून. दंडावर माझ्या बोटांचे पाच खड्डे पडले. ती म्हणाली, आई, तू पोळतेस.
पुन्हा हात लावला नाही. ती कुशीत घे म्हणून रडते. डोळ्यांतून काही येत नाही.

५ जुलै
कापायचं टेबल दाराला लावलं आहे. काका बाहेरून ठोठावतायत, वीस मिनिटं कधीच झाली म्हणतायत. जाकीट काढलं. हातमोजेही. आधी खूप दुखलं, आता नाही.
बोट लावून बघते ती. अजून चटका बसतो म्हणते. थांब, अजून थोडं थांब.

काका ओरडतायत. ऐकू कमी येतंय.

पेन्सिल धरवत नाही—

पुन्हा बोट लावलं. हसली. आता पोळत नाही म्हणते. ये म्हणते. दोन्ही हात पसरून— आले गं, बाळा, आले, मी—