सतरा पाने आणि पंधरा मिनिटे

गिरगाव,
ज्येष्ठ शुद्ध पंचमी, शनिवार, ३१ मे २०२५

ज्याच्या कृपेने वाणीला सत्याचे बळ लाभते, त्या श्रीगजाननास प्रथम वंदन.

चि. नूपुर हिस आजोबांचे अनेक आशीर्वाद.

येथे सर्व क्षेम आहे. तुझी तुळस कुंडीबाहेर वाकू लागली आहे. पोथी नियमाने चालते. चष्मा शोधून देणारी नात जवळ नसल्याने आरंभास तेवढा उशीर होतो. नागपूरचे ऊन तुला सोसवते ना?

मुख्य वार्ता अशी, की कंपनी नमली. तुझी नेमणूक दादरच्याच कार्यालयात राहील आणि बदलीचे कलम वगळले जाईल, असे तिने कामगार कार्यालयातील अधिकारीबाईंपुढे लिहून दिले. हे तुला वकिलांनी कळवले असेलच. ती का नमली, ते मात्र मी त्यांना कळवू दिले नाही.

तुझ्या तक्रारीची प्रत मी वाचली. दादरचीच जागा, बदली नाही, असे व्यवस्थापकांनी तोंडी सांगितले होते; करारपत्राच्या नवव्या पानावर मात्र कोणत्याही शाखेत बदलीची मुभा होती, आणि तिच्याच आधारे तुला नागपूरला धाडले. ते पान का वाचले नाहीस, यावर तू लिहिलेस, 'मी घाई केली.'

बाळ, घाई तुझी नव्हती.

कार्तिकातल्या त्या बुधवारी मी तुझ्या शेजारी बसलो होतो. पावणेबारा झाले होते. बाराला राहुकाळ लागेल म्हणून मीच म्हणालो, "पाने मागाहून वाच, सही आधी कर." व्यवस्थापक हसून म्हणाले, "आजोबा बरोबर बोलतायत. जे बोललो तेच आत आहे. वाचायचं काय त्यात?" हे ऐकणारा तिसरा माणूस मीच. मला लाज वाटू नये म्हणून तू मला वगळलेस, आणि लाज वाटली म्हणूनच मी सहा महिने गप्प राहिलो. माझ्याजवळ राहता यावे म्हणून तू बंगळूरची नोकरी नाकारली होतीस.

गेल्या मंगळवारी, अमावास्या असूनही, मी एकटाच सुनावणीस गेलो. सर्व सांगितले. अधिकारीबाई म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही साक्षीदार की ज्योतिषी?"

"बाई, त्या दिवशी दोन्ही होतो. ज्योतिषी चुकला, साक्षीदाराला तरी बोलू द्या."

त्यांनी व्यवस्थापकांना विचारले, "असं म्हणालात तुम्ही?"

"अहो, ते आपलं सहज..." एवढेच ते बोलले. पुढचे त्यांच्या वकिलांनी थांबवले. समेट त्याच दुपारी ठरला.

शास्त्र मुहूर्त सांगते. वाचू नये, असे कोणतेही शास्त्र सांगत नाही.

नवे करारपत्रही सतरा पानांचेच आहे. ११ जूनच्या बुधवारी ये. बाराला राहुकाळ लागला की वाचावयास बसू. दीडपर्यंत सारी पाने सहज होतील. तो संपला की सही.

हे पत्र ज्यांच्या दृष्टीस पडेल, त्या सर्वांना परमेश्वर सुबुद्धी देवो, आणि सही करणाऱ्या हाताआधी डोळ्यांना सवड देवो.

या वेळी घाई न करणारा,
तुझा आजोबा गंगाधर