मांजरीचं सोयर

सासूबाई,

तुम्हाला अक्षरओळख नव्हती, म्हणून घरात आलेलं प्रत्येक पत्र मीच तुम्हाला वाचून दाखवायची. तुम्ही चुलीपुढे पाटावर बसायचात, मी परसदाराच्या उजेडात उभी राहून वाचायची, आणि एखादी ओळ आवडली की तुम्ही म्हणायचात, "ते परत वाच गो." तेव्हा तुम्हाला पत्र कसं पोचवायचं ही अडचण तुम्ही गेल्यामुळे आलेली नाही, ती पहिल्यापासूनचीच आहे. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. इतक्या वर्षांत लिहावंसं वाटलं नाही असं नाही, पण काल जे झालं त्याने अगदीच राहवेना. काल माझी नात शाळेतून येताना पिशवीत घालून एक मांजर घेऊन आली. आणि घरात कुत्रे दोन. सूनबाई म्हणाली, "सोड अंगणात, त्यांचं ते बघून घेतील." हे ऐकलं मात्र, माझे गुडघे दुखायचे विसरले. मी उठले, पोरीच्या हातातून पिशवी घेतली, बाळंतिणीच्या खोलीत नेऊन ठेवली आणि बाहेरून कडी घातली. त्या खोलीत आता मोडक्या खुर्च्या आणि आंब्याच्या रिकाम्या पेट्या असतात, बाळंतपणं सगळी दवाखान्यात होतात. "दहा दिवस कुणी हे दार उघडायचं नाही," मी म्हटलं. "कसले दहा दिवस?" सूनबाईने विचारलं. "सोयर," मी म्हटलं. सगळे मला हसले. मग मीही हसले, कारण पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकलं तेव्हा मीही अशीच हसले होते. तोंडावर नाही हो, पदराआड.

शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला त्याच्या आदल्या वैशाखात मी लग्न होऊन या घरात आले. पंधरा वर्षांची होते. आमच्या पूर्णगडला घरोघरी मांजरं. मासळी असते तिथे ती असायचीच. पण कुत्रा दिसला की मी लांबूनच वाट बदलायची, कारण लहानपणी एका कुत्र्याने पोटरी धरली होती, तिचा वण अजून आहे. आणि तुमच्याकडे बागेतल्या वानरांसाठी पाळलेले दोन दांडगे कुत्रे. काळी तशी गरीब होती, पण तांबडा! तो तुमचा. चमच्याने दूध पाजून तुम्ही त्याला वाढवला होतात, आणि तो तुमच्यामागून विहिरीवर, गोठ्यात, तुळशीपाशी, सगळीकडे यायचा. मी पडवीत पाऊल टाकलं की मान वर करायचा. मी तिथेच थबकायची. "काय करतो गो तो तुला?" तुम्ही विचारायचात. मी म्हणायची, "बघतो." त्यावर तुम्ही खो खो हसून म्हणालात, "बघंना मेला. तू पण बघ त्याच्याकडं." सोपं होतं तुम्हाला सांगायला. मी पाण्याला जायचं म्हटलं की आधी तुम्हाला हाक मारायची, मग तुम्ही त्याच्या मानेवर हात ठेवून उभ्या राहायचात आणि मी कळशी घेऊन भिंतीला घासत पुढे जायची.

मी आले त्याच पावसाळ्यात या तांबड्याने घरातलं मांजर मारलं होतं. मामंजींना फार लागलं होतं ते, कारण मांजर गेल्यापासून उंदरांनी घरात धुमाकूळ घातला होता, आणि दिवाळीच्या सुमाराला नवं भात कणग्यांत भरलं तशी कणगीला खालून भोकं पडायला लागली. मामंजी तुमच्यासमोर, माझ्यासमोर, बागेतल्या गड्यांसमोर म्हणाले होते, "परत एका मांजराला तोंड लावलंन, तर हा कुत्रा दुसऱ्या दिवशी जयगडला." जयगडला त्यांचे चुलतभाऊ होते, त्यांच्या गलबतावर कुत्रा ठेवायचा होता. मामंजी बोलले म्हणजे झालं, हे मला सहा महिन्यांत कळलं होतं. तुम्हाला तर पंचवीस वर्षांत कळलं असणार. आणि अशा वेळी मी दिवाळसणाहून बैलगाडीने परत येते काय, आणि माझ्या मांडीवरच्या टोपलीत आईने दिलेली एक भुरी मांजर असते काय! उंदीर झालेत असं मी माहेरी बोलले होते, आईने लगेच दिली. तुमच्या कुत्र्याचं काय होईल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

तुमच्या मात्र आलं. टोपलीवरचं फडकं उचलून तुम्ही बघितलंत. मला वाटलं, आता ही बाई मला टोपलीसकट परत पाठवणार. तेवढ्यात तुम्ही टोपली उचललीत आणि बाळंतिणीच्या खोलीत गेलात. बाहेर येऊन कडी घातलीत आणि म्हणालात, "दहा दिवस हिचं सोयर. बाळंतीण असते तशी राहू दे अंधारात. कुणी बघायचं नाय, कुणी शिवायचं नाय. बाराव्या दिवशी बारसं." कुत्र्यामांजरांत सोयर पाळणारं घर मी तोवर पाहिलं नव्हतं, पुढेही पाहिलं नाही. ती रीत तुमच्या माहेरची होती की तुम्ही तिथल्या तिथे रचलीत, हे विचारायचं राहूनच गेलं.

आता मी डोळे मिटते आणि ते दिवस समोर येतात. तांबडा ज्या गोणत्यावर झोपतो ते गोणतं तुम्ही सकाळी काढून मांजरीच्या खोलीत टाकता, आणि मांजरीखालचं त्याला देता. तो हुंगतो, अंगावरचे केस ताठ करतो, गोल फिरतो, आणि झोप आली की तिथेच मुटकुळं करून झोपतो. जेवणं दाराच्या दोन बाजूंना. आत मांजरीला सुकटीच्या पाण्यात कालवलेला भात, बाहेर कुत्र्यांना तेच. पहिल्या दिवशी कुत्र्यांची थाळी माजघराच्या पार पलीकडे, आणि मग रोज एक एक वीत दाराकडे. वीत तुम्ही खरंच हाताने मोजत होतात. तिसऱ्या दिवसापासून बागेत मनसोक्त हुंदडून दमलेल्या तांबड्याला काथ्याच्या दोरीने खांबाला बांधून तुम्ही दार बोटभर उघडत होतात, आणि मधोमध मांडी घालून तांदूळ निवडत बसत होतात. मी भिंतीपाशी उभी राहून टक लावून बघत होते. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तिकडं बघू नको गो. आपण बघितलं की त्याला वाटतं, तिथं कायतरी बघण्यासारखं हाय."

सहाव्या दिवशी मी तो घोळ घातला. तुम्ही गोठ्यात होतात, मी जात्यावर तांदळाचं पीठ काढत होते, आणि मांजर आतून रडत होती. साधं म्यांव नव्हे, ताणून ताणून, दम घेऊन. सासरच्या पहिल्या महिन्यात मी त्याच खोलीत तोंड दाबून रडले होते, तेव्हा मला ते ऐकवेना. नुसतं दोन मिनिटं मांडीवर घेऊ, असं म्हणून मी पिठाच्या हाताने कडी काढली. दार पुरतं उघडलंही नव्हतं, मांजर माझ्या खांद्यावरून उडी मारून बाहेर. पडवीत सुटा पडलेला तांबडा कसा आला ते मला कळलंच नाही. ताकाचा डेरा उपडा झाला, चुलीतली राख उडाली, मांजर माळ्याच्या शिडीवर चढता चढता त्याने तिचा मागचा पाय धरला. तिने वळून त्याच्या नाकावर असा पंजा मारला की तो केकाटला आणि तोंड उघडलं. ती वर गेली. शिडीवर रक्त होतं.

तुम्ही धावत आलात. माझ्याकडे बघितलंत, दाराकडे बघितलंत. कडीवर माझी पांढरी बोटं उमटली होती. बाहेर मामंजींच्या वहाणा वाजल्या, ते जेवायला येत होते, आणि तेवढ्या वेळात तुम्ही एकच गोष्ट केलीत. पदराने ती कडी पुसलीत.

मामंजींनी सगळं बघितलं. "संपलं," ते म्हणाले. "उद्या सकाळी हा जयगडला." आणि तुम्ही, ज्यांना मी त्यांच्यापुढे कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं, त्या तुम्ही म्हणालात, "कडी घालायची माझ्याकडनं राहिली. त्यात कुत्र्याचा काय दोष? जयगडला धाडायचं तर मला धाडा." मामंजी तुम्हाला माझ्यादेखत बोलले. वय झालं, घराकडे लक्ष नाही, सुनेसमोर लाज आणलीस, बरंच काही. जेवायला न बसता ओटीवर जाऊन बसले. दोन दिवस तुमच्याशी बोलले नाहीत. पण तांबडा राहिला, पुढच्या बारशापर्यंतच्या बोलीवर. तुम्ही मांजरीला खाली आणलंत, पायाला हळद दाबलीत, तिला खोलीत ठेवलंत आणि मला म्हणालात, "चल. आजचा दिवस पहिला." सहा दिवस पाण्यात गेले म्हणून एक उसासासुद्धा टाकला नाहीत. आणि मग तुम्ही मला शिक्षा केलीत म्हणा किंवा देणगी दिलीत म्हणा, तांबड्याची दोरी माझ्या हातात दिलीत. "आता तू धर." मी ती मुठीत आवळून धरली. "घट्ट नको धरू, त्याला कळतं. हात मांडीवर ठेव आणि तांदूळ निवड." दहा दिवस मी ती दोरी धरून तांदूळ निवडले. चौथ्या दिवशी त्याने माझ्या पायावर हनुवटी टेकली. मी खडा म्हणून तांदूळ फेकला, पण पाय हलवला नाही.

बाराव्या दिवशी तुम्ही दार सताड उघडलंत. मांजर उंबऱ्यावर येऊन बसली, लंगडा पाय चाटत. तांबड्याने बघितलं, जांभई दिली आणि मान वळवली. तुम्ही खरोखरच घुगऱ्या शिजवल्या होतात! पहिली मूठ माझ्या ओंजळीत घातलीत. मामंजींनी घुगऱ्या कसल्या ते विचारलं नाही, पण दोनदा मागून घेतल्या. त्या थंडीत मांजर तांबड्याच्या पोटाशी झोपायला लागली आणि मी विहिरीवर एकटी जायला लागले. एकटी म्हणजे, मागे तांबडा असायचाच. तो म्हातारा होऊन गेला तेव्हा तुमच्यापेक्षा मीच जास्त रडले, आणि तुम्ही माझी समजूत काढलीत. पुढे या घरात कुणीही नवं आलं, सून आली, जावई आला, तर पहिले काही दिवस मी त्यांच्याकडे फार बघत नाही, फार विचारत नाही. लोकांना मी तुसडी वाटते. वाटू दे. तुम्ही मला तेवढं दिलंत म्हणून मी इथे रुजले.

तुम्ही कडी पुसलीत ते मी पाहिलं, हे तुम्हाला ठाऊक होतं. त्यावर आपण दोघी जन्मभर बोललो नाही. मामंजी तुम्हाला बोलत असताना मी खांबाला धरून गप्प उभी होते, आणि ते गेल्यावर तुम्ही माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणालात, "भ्यायलीस होय गो? भिऊ नको." नाही हो, सासूबाई. भीती होती, पण ती मामंजींची नव्हती. "उद्या सकाळी जयगडला" हे शब्द ऐकले आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की उद्यापासून विहिरीवर जाताना हा कुत्रा नसेल. मला आनंद झाला. कडी मी काढली असं सांगायला माझी जीभ रेटली नाही असं तुम्हाला वाटलं, पण मला सांगायचंच नव्हतं. तुम्ही त्याच्यासाठी बोलणी खात होतात आणि मी तो जावा म्हणून गप्प होते.

हे लिहिलं आणि कागद पेटीत तुमच्या जुन्या लुगड्याखाली ठेवतेय. तुम्ही असतात तर हे पत्रसुद्धा मीच तुम्हाला दारात उभी राहून वाचून दाखवलं असतं. आणि माझ्या त्या आनंदाच्या चार ओळी आल्या असत्या, की त्या गाळून मी पुढे वाचलं असतं.