कारणे दाखवा नोटीस मागे न घेण्याबाबत

दिनांक : १४ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. कक्षप्रमुख,
शीतगृह सुरक्षा माहिती कक्ष,
चाकण, ता. खेड, जि. पुणे.

विषय : अर्जदारास दिलेली नोटीस कायम ठेवून तिची रीतसर सुनावणी घेण्याबाबत.

संदर्भ : १) आपली कारणे दाखवा नोटीस, दि. ४ ऑगस्ट.
२) माफीपत्राचा तयार मसुदा, दि. ११ ऑगस्ट (पाठवणाऱ्याची सही नाही).

महोदय,

अर्जदार पुनम गोरक्ष येळवंडे, राहणार निघोजे, ही आपल्या कक्षात कंत्राटी प्रणाली अभियंता आहे. पुढील मजकूर आपल्या डोळ्यांदेखत घडलेला आहे. तरीही तो लिहावा लागतो, कारण आपल्या अहवालात तो उलटा उतरला आहे.

१) परिसरातील चौदा बटाटा शीतगृहांत अमोनिया वायू मोजणारी यंत्रे आहेत. त्यांच्या आकड्यांवर लक्ष ठेवणारी प्रणाली अर्जदाराने सात महिने खपून उभी केली. तीत चार सेवा आहेत. एक आकडे गोळा करते, दुसरी साठवते, तिसरी ते मर्यादेशी ताडून इशारा देते आणि चौथी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर हिरवे-लाल चौकोन दाखवते. प्रत्येक सेवा आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या स्वतंत्र कप्प्यात चालते. एक कोलमडली तरी बाकीच्या चालू राहतात व पडलेली आपोआप उठते. मात्र कोणी हाताने बंद केली तर ती बंदच राहते. हे अर्जदाराने आपणांस तीनदा समजावले. तिसऱ्यांदा आपण विचारले की हिरवा रंग जरा गडद करता येईल का.

२) १ ऑगस्टला उद्घाटन होते. साडेदहाला एका शीतगृहाचा चौकोन लाल झाला. आपण म्हणालात, "पाहुणे जाईपर्यंत लाल दिसता कामा नये." तेथे वायू सुटला आहे म्हणून लाल दिसते, आधी शीतगृहाला फोन करावा, असे अर्जदाराने सांगितले. फोन नंतर करू, आधी ते बंद करा, असा आपला आदेश झाला. अर्जदाराने नकार दिला. तेव्हा आपण तिला गुलाबपुष्पांचे तबक देऊन फाटकावर पाठवले, कारण कक्षात ती एकटीच महिला आहे आणि गुलाबपुष्प देण्याइतकी पात्रता आपणांस तिच्यात दिसली. इकडे आपले स्वीय सहायक श्री. कुलदीप यांनी आपल्या कपाटातील पासवर्डचे सीलबंद पाकीट फोडून इशाऱ्याची सेवा बंद केली.

अर्जदार अकरा वाजून वीस मिनिटांनी आत आली, तर चौदाही चौकोन हिरवेगार. तिला क्षणभर हायसे वाटले. त्या क्षणाची तिला आजही लाज वाटते. मग तिने साठवणीतले आकडे उघडले. त्या शीतगृहाचा आकडा चढतच होता. आपण तेव्हा शाल पांघरून घेत होता. अर्जदाराने शीतगृहाचे पहारेकरी सावळाराम यांना फोन केला.

३) सावळाराम यांनी बटाटे निवडणाऱ्या अकरा बायका बाहेर काढल्या. बारावी शालनबाई सर्वांत आतल्या खोलीत होती. ते ओला टॉवेल तोंडाला बांधून परत आत गेले व तिला ओढून बाहेर घेऊन आले. ती वाचली. डावा डोळा अजून धुरकट आहे. एवढ्यात अर्जदाराने इकडे इशाऱ्याची सेवा पुन्हा सुरू केली. भाषण चालू असताना पडदा लाल झाला, सर्वांचे फोन एकदम वाजले आणि पाहुणे चहा न घेता गेले. "मान्यवरांसमोर विनापरवानगी सेवा सुरू करून कक्षाची प्रतिमा मलिन केली" असे जे आपल्या नोटिशीत आहे, ते हेच. अर्जदारास ते पूर्णपणे मान्य आहे.

४) अर्जदाराची खरी चूक वेगळी आहे. इशारा आला नाही तर सर्व ठीक आहे असे समजून पडदा चौकोन हिरवे दाखवत असे. तपासणारी सेवाच बंद असेल तर पडद्याने तसे सांगायला हवे होते. हे तिला सुचले नाही. आता पडदा अशा वेळी काळा होतो. ही चूक नोटिशीत नाही, कारण ती कळण्यासाठी प्रणाली कळावी लागते.

५) आपल्या अहवालात "पहारेकऱ्याने उशिरा कळवले" असे वाक्य आहे. त्या एका वाक्यावर सावळाराम यांना कामावरून काढण्यात आले. अर्जदार दवाखान्यात गेली तेव्हा शालनबाईंनी कोणताही दोष दिला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "तुमचा पडदा हिरवा व्हता तवा आमी आत बटाटं निवडत व्हतो, पोरी."

११ तारखेला आपण अर्जदारास खुर्ची दिली, सात महिन्यांत प्रथमच. म्हणालात, "तांत्रिक बिघाड झाला एवढं लिहून द्या, नोटीस फाडून टाकतो." मसुदाही तयार होता. त्यात अर्जदाराचे नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिले आहे आणि सावळाराम यांचे कोठेच नाही.

तरी नोटीस फाडू नये. तिची सुनावणी घ्यावी आणि तीत सावळाराम व शालनबाई यांना बोलवावे. नोटीस मागे घेतल्यास सुनावणी होणार नाही व आपले वाक्य तसेच राहील. कोणती सेवा किती वाजता, कोणाच्या नावाने बंद झाली याची नोंद प्रणाली स्वतः ठेवते. ती नोंद अर्जदाराने काल चौकशी समितीकडे देऊन पोहोच घेतली आहे. त्यामुळे या अर्जावर विचार करण्यास आपणांस घाई करावी लागू नये.

नोटीस कायम राहील या अपेक्षेत,

आपली नम्र,
(सही)
पुनम गोरक्ष येळवंडे

सोबत :
१) चौकशी समितीची पोहोच, छायाप्रत.
२) सावळाराम यांचा जबाब.
३) शालनबाई यांचा जबाब, डाव्या अंगठ्याच्या ठशासह.
४) माफीपत्राचा मसुदा, सही न करता परत.